‘मले माहीतच होतं’ : खेळातली अनिश्चितता मोजताना

कापसाची वेचणी उरकून दिवस मावळतीला गेला की यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मारुतीच्या देवळाचा ओटा पोरांनी भरून जातो. अशाच एका संध्याकाळी चौघे जण एका मोबाईलवर लुडो खेळत होते. त्यांतल्या थोरल्याची पाळी दहा वेळा येऊन गेली तरी त्याला सहा पडला नव्हता आणि त्याच्या चारही सोंगट्या घरातच बसून होत्या. “काहून नाही येऊन राहिला बे सहा? हा मोबाईलच चिटिंग करते,” असे तो वैतागून म्हणाला. पुढच्या डावात मात्र शेवटची सोंगटी आत न्यायला त्याला नेमके दोन हवे होते आणि दोनच पडले, तेव्हा तोच पोरगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, “दोनच येईन, मले माहीतच होतं!”

अर्ध्या तासाच्या अंतराने निघालेल्या या दोन वाक्यांत एका अवघड प्रश्नाचे मूळ आहे. खेळताना पुढे काय होणार हे ठाऊक नसते, या न ठाऊक असण्याला अनिश्चितता म्हणतात. खेळणाऱ्याला ती किती जाणवली आणि कशी जाणवली, हे मोजायचे कसे? फाशाची संभाव्यता गणिताने काढता येते, पण त्या पोराच्या मनात काय चालले होते ते गणित सांगत नाही.

अनिश्चितता हा खेळाचा दोष नव्हे, तो खेळाचा प्राण आहे. आमच्याकडे शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, पाच-पाच गावचे लोक लोटतात, ते कोणती जोडी पुढे निघेल हे आधी सांगता येत नाही म्हणूनच. रोजे कायवा या फ्रेंच अभ्यासकाने १९५८ साली खेळाची लक्षणे मांडली, तेव्हा निकाल आधी ठरलेला नसणे हे त्यांतले एक लक्षण म्हणून सांगितले. पुढे २०१३ मध्ये ग्रेग कॉस्टिकियन या अमेरिकी गेम-रचनाकाराने या एका लक्षणावर सबंध पुस्तक लिहिले आणि अनिश्चितता ही एक वस्तू नसून तिचे अनेक उगम असतात हे उलगडून दाखवले. फाशासारखे यदृच्छेने घडणारे काही असते, समोरच्याच्या हातातली न दिसणारी पाने असतात, दुसरा खेळाडू काय चाल करील याचा अंदाज नसतो, कोड्याचे उत्तर सापडत नसते, पुढे कथेत काय घडेल याची ओढ असते, आणि आपला स्वतःचा हात ऐनवेळी साथ देईल की नाही हीही शंका असते.

हे उगम वेगळे असतात एवढेच नव्हे, तर एकाच क्षणी ते एकमेकांत गुंतलेलेही असतात. बीजीएमआय या मोबाईलवरच्या लढाईच्या खेळात शंभर जण एका बेटावर उतरतात आणि खेळण्याची हद्द, म्हणजे ज्याला पोरे ‘झोन’ म्हणतात ती, हळूहळू आकसत जाते. पुढचा झोन कुठे पडेल हे यदृच्छेवर असते. भिंतीमागे कोणी दबा धरून बसले आहे का, हे लपलेल्या माहितीवर असते. तो बाहेर येईल की तिथेच थांबेल हे त्याच्या मनावर, आणि समोर आलाच तर आपला नेम लागेल का हे आपल्या बोटांवर. खेळणाऱ्याला विचारावे तर तो एवढेच म्हणेल की “लय टेन्शन होतं.” मोजणाऱ्याचे खरे काम या एका ‘टेन्शन’चे धागे सुटे करण्यापासून सुरू होते.

या कामात मराठी आपल्याला मोठी मदत करते असे माझे मत आहे. पुस्तकी ‘अनिश्चितता’ हा शब्द बाजूला ठेवून रोजच्या बोलण्याकडे पाहिले, तर धाकधूक वेगळी, उत्सुकता वेगळी, संभ्रम वेगळा आणि नशिबावर सोडून देणे वेगळे. फासा घरंगळत असताना होते ती धाकधूक. बंद दाराआड काय असेल म्हणून पाऊल पुढे पडते ती उत्सुकता. पडद्यावर दहा चिन्हे दिसतात आणि त्यांतले कोणते दाबावे हे उमगत नाही, तो संभ्रम. चौघांच्याही मुळाशी न ठाऊक असणे आहे, परंतु पहिल्या दोहोंसाठी माणूस खेळायला बसतो आणि तिसऱ्यामुळे बहुधा खेळ बंद करतो. म्हणून ‘या खेळात तुम्हाला किती अनिश्चित वाटले?’ असा एकच प्रश्न विचारून मिळालेला आकडा कोणाच्याच उपयोगाचा नसतो. रंगून खेळलेला पोरगाही त्यात जास्त गुण देईल आणि गोंधळून गेलेलाही तितकेच देईल.

आता थोरल्याच्या तक्रारीकडे वळू. फासा खरा असेल तर तो एकदा टाकल्यावर सहा न पडण्याची शक्यता सहात पाच असते. सलग दहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता त्या हिशेबाने सुमारे १६ टक्के येते, म्हणजे ती फारशी दुर्मीळ गोष्ट नाही. त्यातही खेळणारे चौघे असतील, तर प्रत्येकाने पहिल्या दहा वेळा फासा टाकेपर्यंत निदान एकावर तरी ही पाळी येण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या किंचित वर जाते. साधारण दर दुसऱ्या डावात कोणीतरी एक जण घरातच अडकून मोबाईलला शिव्या देणार, हे फाशाच्या प्रामाणिकपणाशी पूर्णपणे सुसंगत आहे. मी हा हिशेब ओट्यावर मांडून दाखवला. पोरांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आणि थोरला म्हणाला, “ते खरं असन काका, पण मलेच काहून?” या प्रश्नाला गणितात उत्तर नाही आणि अनुभव मोजायचा तो नेमका इथेच.

मोजलेली शक्यता आणि वाटलेली शक्यता यांतले हे अंतर खेळ बनवणाऱ्यांना चांगले परिचयाचे आहे. सिड मायर या नामवंत रचनाकाराने २०१० मध्ये गेम-रचनाकारांच्या परिषदेत सांगितले होते की लढाईत आपले पारडे तीनास एक असे जड दाखवले असताना हार झाली तर खेळणाऱ्यांना तो अन्याय वाटे, पण तेच पारडे उलट असताना जीत झाली तर त्यांना त्यात काही वावगे वाटत नसे. ‘फायर एम्ब्लेम’ या जपानी खेळमालिकेच्या अनेक भागांत तर पडद्यावर वार लागण्याची शक्यता ९० टक्के दाखवली जाते, तेव्हा संगणक दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी काढून निर्णय देतो आणि त्यामुळे वार प्रत्यक्षात सुमारे ९८ टक्के वेळा लागतो. माणसाच्या मनात ‘नव्वद टक्के’ याचा अर्थ ‘जवळजवळ नक्की’ असा असतो, आणि खेळ त्या मनाला धरून घडवला जातो. म्हणून संगणकाच्या आतले आकडे कितीही अचूक हाती लागले, तरी त्यांवरून अनुभवाचे माप निघत नाही. ते माणसालाच विचारावे लागते.

विचारण्याची रूढ रीत म्हणजे प्रश्नावली. रेन्सिस लायकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीत प्रश्नांऐवजी विधाने असतात आणि प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत हे उत्तर देणारा बहुधा पाच पायऱ्यांवर सांगतो. एकाच गोष्टीबद्दल अनेक विधाने देऊन त्यांचे गुण एकत्र केले, की एखाद्या विधानाच्या शब्दांमुळे आलेली चूक बरीचशी विरघळून जाते. खेळातली अनिश्चितता मोजण्यासाठी नेमके हेच काम ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठातले ख्रिस्तोफर पॉवर, पॉल केर्न्स आणि त्यांचे सहकारी यांनी हाती घेतले आणि २०१७ मध्ये त्याचे प्राथमिक रूप प्रसिद्ध केले. आधीच्या सिद्धांतांमधून आणि खेळणाऱ्यांच्या स्वतःच्या बोलण्यातून अशा दोन्हींकडून त्यांनी विधाने गोळा केली, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ग्रंथांतून आलेली विधाने नेटकी असतात, परंतु खेळणारा ज्या शब्दांत अनुभवतो त्यांचा ग्रंथांना पत्ता असतोच असे नाही.

गोळा केलेली विधाने एकाच अनुभवाविषयी आहेत की अनेक, हे ठरवायला घटक-विश्लेषण नावाची संख्याशास्त्रीय पद्धत वापरतात. तिचा पाया चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये घातला. नाव जड आहे, पण कापूस हाताळणाऱ्याला तिचा विचार नवा नाही. ट्रॉलीतला कापूस पिवळट दिसतो, हाताला ओलसर लागतो आणि त्याला डागही असतात, तेव्हा या तीन वेगळ्या तक्रारी नसून त्यांच्यामागे परतीचा एकच पाऊस आहे हे अनुभवी शेतकरी जाणतो. पाऊस त्याला खरेदीच्या दिवशी दिसत नाही, दिसतात त्या फक्त एकत्र येणाऱ्या खुणा. धाग्याची लांबी मात्र या खुणांबरोबर चढत-उतरत नाही, कारण ती मुख्यतः वाणावर आणि पीक कसे पोसले गेले यावर अवलंबून असते. प्रश्नावलीचेही तसेच आहे. समजा, ‘पुढे कुठे जायचे ते कळत नव्हते’ या विधानाला जे खेळाडू जास्त गुण देतात, तेच ‘कोणते बटण कशाचे ते समजत नव्हते’ यालाही जास्त देतात, परंतु ‘पुढे काय सापडेल ते पाहावेसे वाटत होते’ या विधानाचे गुण त्यांच्यासोबत हलत नाहीत. मग पहिल्या दोहोंमागे संभ्रम नावाचा एक न दिसणारा घटक आहे आणि तिसऱ्यामागे दुसराच कोणता तरी, असा निष्कर्ष निघतो. एकदा हे गट सापडले की वेगळ्या खेळाडूंकडून नव्याने उत्तरे घेऊन तेच गट पुन्हा टिकतात का, हे तपासतात. ही दुसरी तपासणी टाळली, तर योगायोगाने जुळलेल्या खुणांनाही आपण पाऊस समजून बसू.

आणि तरीही माप विश्वासार्ह आहे की नाही हा प्रश्न उरतोच. कापसाच्या हमीभाव खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्याहून जास्त असेल तर माल घेतला जात नाही. काही वर्षांपूर्वी एका खरेदी केंद्रावर माझ्या ट्रॉलीत मीटर तीन ठिकाणी खुपसले गेले आणि तीन वेगळे आकडे आले, त्यांतला सर्वांत मोठा वहीत लिहिला गेला. तेव्हापासून मोजमापाच्या दोन कसोट्या मला कोणी समजावून सांगाव्या लागल्या नाहीत. एकच वस्तू पुन्हा मोजली तर आकडा जवळपास तोच यावा, ही पहिली. आणि तो आकडा आपण ज्याला ओलावा म्हणतो त्याचाच असावा, दुसऱ्या कशाचा नसावा, ही दुसरी. मीटर तिन्ही ठिकाणी तंतोतंत सारखा आणि तरीही चुकीचा आकडा दाखवू शकते. प्रश्नावलीतली विधाने आपसांत किती जुळतात हे पाहायला ली क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा नावाचा आकडा वापरतात आणि तो ०.७ च्या वर असला की साधारणपणे समाधान मानतात. परंतु तो जुळणीबद्दल सांगतो, ती विधाने खरोखर अनिश्चिततेलाच भिडतात का याबद्दल सांगत नाही. त्यासाठी माणसांना समोर बसवून ‘या वाक्याचा तू काय अर्थ घेतलास?’ असे विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

मी ते ओट्यावर करून पाहिले. ‘पुढील कृतीच्या परिणामाबाबत मी अनिश्चित होतो’ असे एक वाक्य तयार करून पोरांना वाचून दाखवले, तर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. ‘आपण हे केलं तर काय होईल ते सांगता येत नव्हतं’ असे म्हटल्यावर उत्तरे पटापट आली. ‘मला भरवसा नव्हता’ हे वाक्य मला सोपे वाटले होते, पण एका पोराने भरवसा म्हणजे आपल्या टीममधल्या गड्यावरचा विश्वास असा अर्थ घेतला आणि तो अर्थ मराठीत अगदी बरोबर आहे. सर्वांत मोठी फसगत नकारार्थी वाक्यांत झाली. ‘मला गोंधळल्यासारखे वाटले नाही’ याला एकाने “हो” म्हटले आणि दुसऱ्याने “नाही”, आणि चौकशी केल्यावर कळले की दोघांनाही तेच सांगायचे होते. मराठीत ‘हो, नाही वाटलं’ असेही म्हणतात आणि नुसते ‘नाही’ म्हणूनही तोच अर्थ पोचवतात. बेसावध उत्तरे पकडण्यासाठी प्रश्नावलीत मुद्दाम काही विधाने उलटी घालण्याचा प्रघात आहे. मराठीत हे करताना नकार न वापरता विरुद्ध अर्थाचे क्रियापद शोधणे भाग आहे, ‘गोंधळलो नाही’ऐवजी ‘सगळं नीट कळत होतं’ असे. उत्तरांच्या पायऱ्यांचेही तेच. ‘पूर्णतः सहमत’ म्हटले की पोरांना परीक्षेची आठवण येते. ‘अगदी असंच होतं’, ‘थोडंफार असं होतं’, ‘असं नव्हतं’ अशा पायऱ्यांवर ती मोकळी होतात. आणि त्यांच्या शाळेतले गुरुजी जवळून गेले की तीच पोरे एका सुरात सांगतात की खेळ फार छान होता आणि सगळे कळत होते, म्हणून कोण विचारतो आणि कोणासमोर विचारतो यालाही शब्दांइतकेच महत्त्व आहे.

आता ‘मले माहीतच होतं’ या वाक्याकडे. बारुख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये काही जणांना १८१४ च्या सुमारास झालेल्या इंग्रज आणि गुरखे यांच्यातल्या लढाईचे वर्णन वाचायला दिले होते. ज्यांना निकाल म्हणून एखादी गोष्ट सांगितली गेली, त्यांना तीच गोष्ट घडणे आधीपासून जास्त संभवनीय होते असे वाटले, मग तो सांगितलेला निकाल खरा असो वा नसो. निकाल कळला की मन मागे जाऊन आपलीच शंका पुसून टाकते. खेळातली अनिश्चितता मोजणाऱ्यांच्या वाटेतली ही सर्वांत मोठी अडचण आहे असे मी मानतो, कारण बहुतेक प्रश्नावल्या खेळ संपल्यावरच भरून घेतल्या जातात. जिंकलेला पोरगा दोनच पडणार हे आपल्याला माहीत होते असे सांगताना खोटे बोलत नव्हता, त्याला तसे खरोखरच आठवत होते. खेळ मध्येच थांबवून विचारावे तर धाकधूकच मोडते आणि मोजायचे तेच हातातून निसटते. त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे फासा टाकण्याआधी एका शब्दात अंदाज नोंदवून घेणे आणि सविस्तर प्रश्न नंतर विचारणे, म्हणजे नंतरच्या आठवणीला ताडून पाहायला काहीतरी हाती राहते.

असे आधीचे अंदाज हाती असले की आणखी एक गोष्ट करता येते. जेफ्री इली, अलेक्झांडर फ्रँकेल आणि एमिर कामेनिका या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये धाकधूक आणि आश्चर्य यांची वेगवेगळी व्याख्या दिली. पुढच्या क्षणी आपला अंदाज किती बदलू शकतो यावर धाकधूक अवलंबून असते, आणि मागच्या क्षणापासून तो प्रत्यक्षात किती बदलला यावर आश्चर्य. शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या असतील तर चेंडू पडण्याआधीच धाकधूक कमाल असते, मग पुढे काहीही घडो. उलट एकतर्फी चाललेला सामना एका षटकात फिरला तर आधी धाकधूक मुळीच नसते आणि नंतर आश्चर्य मोठे असते. आमच्या थोरल्याला शेवटच्या फाशाआधी मोठी धाकधूक होती, आणि दोन पडल्यावर त्याला आश्चर्यही वाटलेच असणार, जे त्याने ‘माहीतच होतं’ या वाक्याखाली झाकून टाकले.

तोंडाने सांगितलेले फसवे असेल तर शरीराला विचारावे, असाही एक मार्ग आहे. ताण आला की तळहाताला सूक्ष्म घाम येतो आणि त्वचेतून वीज किंचित जास्त वाहते, ते उपकरणाने टिपता येते. वातानुकूलित प्रयोगशाळेत हे ठीक आहे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा देवळाच्या ओट्यावर बसलेल्या पोराच्या तळहाताचा घाम फाशाचा की उन्हाचा, हे कोणते उपकरण सांगणार? शिवाय घाम धाकधुकीचाही येतो आणि संतापाचाही, म्हणजे कोणत्या प्रकारची अनिश्चितता हा आपला मूळ प्रश्न तिथेही अनुत्तरितच राहतो.

एक उगम मात्र असा आहे की जो रचनाकारांच्या कागदावर क्वचितच असतो आणि आमच्या गावात रोज असतो, तो म्हणजे नेटवर्क. ऐन चकमकीत पडदा गोठतो, समोरचा गडी जागच्या जागी धावत राहतो आणि पडदा पुन्हा हलतो तेव्हा आपण मेलेले असतो. वादळवाऱ्यात लाईन गेली की टॉवरही काही वेळाने बंद पडतो. ही अनिश्चितता खेळाने दिलेली नाही, पण प्रश्नावलीत ती खेळाच्याच नावावर चढते. ‘पुढे काय होईल ते सांगता येत नव्हतं’ याला आमच्या पोराने दिलेले पाच गुण आणि पुण्यात वाय-फायवर खेळणाऱ्याने दिलेले पाच गुण शेजारी मांडून सरासरी काढली, तर त्यातून निघालेले निष्कर्ष दोघांपैकी कोणाबद्दलच खरे नसतील. पोराची बोटे मंद आहेत की टॉवर लांब आहे, हे वेगळे न करता त्याला कच्चा खेळाडू ठरवणे तर मला अजिबात मान्य नाही.

म्हणून मी माझ्या यादीत शेवटी एक विधान जोडले: ‘मोबाईल अडकत असल्यामुळे काय चाललंय ते कळत नव्हतं.’ ते वाचल्याबरोबर थोरला म्हणाला, “हे तं पहिलेच इचाराले पाहिजे होतं काका.” त्याचे म्हणणे पटले. आता ते विधान सर्वांत वर आहे आणि त्याचे गुण मी बाकीच्या बेरजेत मिळवत नाही, वेगळ्या रकान्यात लिहितो.